दुसरा रूळ पडणार आहे. त्यावर आपण बसणार की फक्त कोळसा?

पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा, पण वाचा. विषय रेल्वेचा आहे आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा आहे. सुरुवात मात्र पोलंडपासून करावी लागते, त्याला इलाज नाही.

माझी भाची पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात शिकते. मागच्या सुट्टीत ती आणि तिच्या दोन मैत्रिणी रेल्वेने फिरून आल्या. आधी क्राकूफ. तिथून लोकल गाडीने विएलिच्काची जुनी मिठाची खाण. मग झाकोपाने, म्हणजे तात्रा पर्वताच्या अगदी पायथ्याचं गाव. परत येऊन पुढच्या शनिवारी व्रोत्स्वाफवरून दुसऱ्याच डोंगरात, कार्कोनोशे नावाच्या. फोटो घरच्या ग्रुपवर आले. खाली तिने लिहिलं होतं, "मामा, एकदाही टॅक्सी केली नाही."

सगळ्यांनी अंगठे दाखवले. एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने लिहिलं, "तिकडं पाहायला काही तरी असते. आपल्याकडं काय आहे? कोळसा अन् धूळ."

मला ते लागलं. खोटं सांगत नाही, दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. कारण कोळसा आणि धूळ आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण तेवढंच आहे का? मी एक कागद घेतला आणि आपल्या रेल्वेच्या रुळांवर कोणकोणती गावं लागतात ते लिहीत गेलो.

वरोरा. उतरा आणि ऑटोने आनंदवनात जा. बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं. भांदक, म्हणजे भद्रावती. जैन मंदिर, भद्रनागाचं मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी, एकाच गावात तीन धर्मांचा इतिहास. चंद्रपूर. गोंड राजांचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा हे दरवाजे, महाकालीचं मंदिर. बल्लारपूर. वर्धा नदीच्या काठावरचा गोंडांचा किल्ला.

ही झाली मोठी लाईन, दिल्ली-चेन्नईची. आता दुसरी, गोंदियाकडं जाणारी. चांदा फोर्टवरून निघालं की केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, आलेवाही, तळोधी, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. मूलहून मार्कंड्याला जाता येते, वैनगंगेच्या काठावरची ती कोरीव मंदिरं बघायला लोक परदेशातून येतात. तळोधी-नागभीडकडं सातबहिणीचा डोंगर, ज्याला पेरजागड म्हणतात. नागभीडजवळ घोडाझरीचा तलाव, त्याच्या भोवतालचं जंगल २०१८ साली अभयारण्य झालं. आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर तिथल्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि रात्रभर नाटक चालते.

शहरं आहेत. डोंगर आहेत. नदी आहे, किल्ला आहे, लेणी आहेत, वाघ आहे. आणि या सगळ्याच्या मधून रूळही आहे. मग नाही काय?

ते समजून घ्यायला मी आणि सौभाग्यवती एका गुरुवारी पिशवी घेऊन निघालो. ठरवलं की दोन दिवस आपणही टॅक्सी करायची नाही. पोलंडला जाणं काही आपल्याच्यानं होत नाही, पण चांदा फोर्ट ते वडसा तर होते.

खरं सांगतो, हा प्रवास मी लहानपणापासून केला आहे, पण खिडकीतून बघितला नव्हता. चंद्रपूर मागं पडलं की जुनोन्याचं जंगल सुरू होते. साग, बांबू, ऐन. मग मूलच्या पुढं धानाच्या बांध्या आणि मधूनच मामा तलाव. बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, मामाचा संबंध नाही, माजी मालगुजारी तलाव, त्याचं झालं मामा तलाव. पाण्यावर पांढरे बगळे, काठावर मोहाची झाडं. सौभाग्यवती म्हणाली, "हे आपल्याच गावाकडचं आहे ना?" मी म्हटलं, हो, फक्त एसटीतून आपल्याला समोरच्या सीटची पाठ दिसते.

नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव दादाजी खोब्रागडेंचं. एचएमटी तांदूळ शोधणारा तो माणूस २०१८ मध्ये गेला. महाराष्ट्रभर लोक तो तांदूळ खातात आणि तो कुठल्या मातीतून आला ते कोणाला माहीत नसते. माझ्या हातात असतं तर नागभीड स्टेशनवर त्यांच्या नावाची पाटी लावली असती. असो.

डब्यात गप्पा झाल्या. एक बाई होती, ब्रह्मपुरीकडची, मुलीला घेऊन. मी विचारलं, कुठं चालल्या? म्हणाली, "माहेरी चाल्ली जी. अन् येत्या सोमवारी नागपूरले जाऊन राहिलो, दवाखान्यात." रेल्वेने? ती हसली. "नागपूरची गाडी तर केव्हाचीच बंद झाली ना भाऊ. काळीपिवळीनं नायतर एसटीनं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. नागभीड-नागपूर नॅरोगेज, भिवापूर-उमरेडवरून जाणारी, १०६ किलोमीटरची. शंभरहून जास्त वर्षं चालली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायला म्हणून बंद झाली. ब्रॉडगेज झालंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण गाडी बंद झाल्यावरची वर्षं त्या भागातल्या पेशंटनी, विद्यार्थ्यांनी, भाजीवाल्यांनी रस्त्यावर काढली. काम किती टक्के झालं ते आपल्याला कळत राहते. माणसांची किती वर्षं गेली, ते कोणी मोजत नाही.

दुसरा एक पोरगा भेटला, सिंदेवाहीकडचा, चंद्रपूरला शिकायला. खोली घेऊन राहतो. मी म्हटलं, रोज अपडाऊन का करत नाही? म्हणाला, "काका, गाडी आहे, पण कॉलेजच्या टाइमले नाही." 'गाडी आहे, पण टाइमले नाही.' आपल्या रेल्वेचं सगळं दुखणं त्या पोराने एका वाक्यात सांगितलं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे दुखणं कळत नाही.

आपल्याकडं रेल्वे माणसांसाठी आलीच नाही. १८७० च्या दशकात वर्धा ते वरोरा जी लाईन आली तिचं नावच होतं वर्धा कोल स्टेट रेल्वे. वरोऱ्याचा कोळसा काढायचा आणि न्यायचा, बस. पुढं ती लाईन बल्लारपूरपर्यंत वाढली आणि १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ जोडलं गेलं, तेव्हा दिल्ली-मद्रास असा सरळ रस्ता झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस तेव्हापासूनची. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट ही बंगाल नागपूर रेल्वेची नॅरोगेज, जंगलातला माल बाहेर काढायला सोयीची. नव्वदच्या दशकात तिचं ब्रॉडगेज झालं.

म्हणजे दीडशे वर्षं आपल्या रुळांवरून काय गेलं? वरोऱ्याचा कोळसा, मग बल्लारपूर-माजरी-घुग्घुसचा कोळसा. आलापल्लीचा साग. सिमेंट. कागद. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूर डेपोतून सागवान गेलं, तेव्हा आपण वाजतगाजत पाठवलं, आणि पाठवावंच. पण ज्या आलापल्लीचा तो साग, त्या आलापल्लीच्या माणसाला आजही रेल्वे पकडायची तर शंभर किलोमीटर यावं लागते.

आणि गडचिरोली? जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या नशिबात एकच काय ते नाव घेण्यासारखं स्टेशन, वडसा, तेही वरच्या टोकाला. सिरोंच्याच्या माणसाला सर्वात जवळचं स्टेशन म्हणजे प्राणहिता ओलांडून मंचेरियाल, म्हणजे दुसऱ्या राज्यात. वडसा-गडचिरोली ही सुमारे ५२ किलोमीटरची लाईन. निम्मा खर्च राज्याचा, निम्मा केंद्राचा. दशकापेक्षा जास्त काळ आपण तिची बातमी वाचतोय. मंजुरी, भूमिपूजन, वनखात्याची परवानगी, वाढलेला खर्च. लहान पोरं मोठी होऊन नोकरीला लागली. ५२ किलोमीटर म्हणजे पायी चाललं तरी दोन दिवसात पोहोचते माणूस!

आता पोलंडकडं परत येतो. तुम्ही म्हणाल, कुठं तो युरोप आणि कुठं आपण. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मी आकडे काढले.

पोलंड देश क्षेत्रफळाने सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजार. म्हणजे जवळपास सारखेच. भाची राहते तो प्रांत, लोअर सिलेशिया, सुमारे २० हजार चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या २९ लाखांच्या आसपास. आपले दोन जिल्हे मिळून जवळजवळ २६ हजार चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३२ लाख ७७ हजार. सांगा, फार फरक आहे का?

आणि तोही कोळशाचाच मुलूख. तिथं वाउब्झिख नावाचं शहर आहे, आपल्या बल्लारपूर-घुग्घुससारखं खाणींवर जगलेलं. १९९० च्या दशकात तिथल्या खाणी बंद झाल्या, माणसं बेकार झाली. त्याच काळात तिकडच्या लहान लहान रेल्वे लाईनही तोट्यात म्हणून बंद होत गेल्या. म्हणजे त्यांचंही सगळं सोन्याचं नव्हतं.

मग त्यांनी केलं काय? प्रांताच्या सरकारने २००७ साली स्वतःची रेल्वे कंपनी काढली. केंद्राच्या रेल्वेने टाकून दिलेल्या काही लाईन प्रांताने ताब्यात घेतल्या, दुरुस्त केल्या आणि त्यावर लहान, दोन-तीन डब्यांच्या गाड्या सोडल्या. डोंगरातल्या श्वेराडूफ नावाच्या गावाची लाईन कित्येक वर्षं बंद होती, तिथं डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा गाडी पोहोचली. वाउब्झिखच्या जुन्या खाणीत आता संग्रहालय आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात, आणि जातात रेल्वेने. कोळसा आणि धूळ!

झाकोपानेचं उदाहरण तर मला फारच आवडलं. क्राकूफपासून रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या आत, पण गाडीला तीन-साडेतीन तास लागायचे. कारण वाटेत इंजिन काढून उलट्या बाजूला लावावं लागे. बस दोन तासात जायची. लोकांनी गाडी सोडली. मग त्यांनी काही बुलेट ट्रेन आणली नाही. एका ठिकाणी रुळाचा एक लहान जोड टाकला, २०१७ मध्ये, म्हणजे तिथं इंजिन फिरवायची गरज राहिली नाही. दुखणं कुठं आहे ते बघितलं आणि तिथं औषध लावलं.

हां, एक गोष्ट कबूल करतो. त्यांना युरोपियन युनियनचा पैसा मिळतो, आपल्याला नाही. पण आपल्याला काहीच मिळत नाही असंही नाही. २०१५ पासून खनिजाच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसा येतो, आणि तो खाणीची झळ बसलेल्या लोकांसाठीच असतो. चंद्रपुरात आणि आता सुरजागडमुळे गडचिरोलीतही तो कमी नाही. जमिनीतलं गेलं त्याची भरपाई म्हणून आलेला पैसा गावातून स्टेशनापर्यंतच्या बससाठी वापरला, तर काय बिघडलं?

आता मुख्य मुद्दा. इथवर आलात तर हे नीट वाचा.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. २४० किलोमीटर. ४,८१९ कोटी रुपये. म्हणजे आपल्या चांदा फोर्ट-मूल-नागभीड-वडसा लाईनला दुसरा रूळ.

आपण सगळ्यांनी ती बातमी शेअर केली, मीही केली. फटाके फोडायचे तेवढे बाकी होते. पण जरा विचार करा. आज त्या मार्गावर पॅसेंजर कमी का, विचारलं तर उत्तर ठरलेलं असते की लाईन सिंगल आहे, जागा नाही. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात थांबावंच लागते, आणि आधी कोणाला सोडायचं या प्रश्नात पॅसेंजरचा नंबर कधीच पहिला लागत नाही. बरं. उद्या दुसरा रूळ पडेल. जागा होईल. पण ती जागा कोणाला मिळणार? मंजुरीच्या वेळीच कोळसा, लोहखनिज आणि इतर खनिजांच्या वाहतुकीचं नाव पुढं होतं. मालगाडी पैसा देते, पॅसेंजर तोटा देते, हा रेल्वेचा हिशोब आहे. आपण काही बोललो नाही तर दुसऱ्या रुळावरूनही दीडशे वर्षांची तीच कहाणी जाईल. माल जाईल, आपण फाटकात उभे राहून डबे मोजू.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. रूळ पडल्यावर मागणी करायची नाही. रूळ पडत असतानाच करायची. आणि "वंदे भारत द्या" ही नाही. वंदे भारत मूलला थांबणार नाही, केळझरला तर नाहीच नाही. आपली मागणी साधी पाहिजे.

पहिली. बल्लारशा-वडसा अशी रोजची गाडी, दोन्ही टोकांवरून सकाळी सुटणारी आणि शाळा-कॉलेज-ऑफिस-दवाखान्याच्या वेळेला पोहोचवणारी, आणि संध्याकाळी परत आणणारी. चार-सहा डब्यांची मेमू पुरे. प्रत्येक स्टेशनवर थांबणारी. सिंदेवाहीचा तो पोरगा घरचं जेवण खाऊन कॉलेजला गेला पाहिजे, एवढी साधी कसोटी.

दुसरी. गाडीला एसटीची जोड. वडसा स्टेशनवर गाडी आली की गडचिरोलीची बस उभी पाहिजे. वडसा-गडचिरोली रेल्वे होईल तेव्हा होईल, बसला कोणती वनपरवानगी लागते? मूलला मार्कंड्याची बस, वरोऱ्याला आनंदवनची. महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला हजारोंनी लोक जातात, त्या दिवसांपासून सुरुवात करा.

तिसरी, अगदी फुकटातली. चंद्रपूर शहरात दोन स्टेशनं. चंद्रपूर मध्य रेल्वेचं, चांदा फोर्ट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. गंमत म्हणजे दोघांच्याही विभागाचं मुख्यालय नागपूरच. बल्लारशाच्या खाली गेलं की दक्षिण मध्य रेल्वे, सिकंदराबाद विभाग. म्हणजे एका जिल्ह्यात तीन झोन. म्हणून कोणाचीच गाडी कोणाच्या गाडीला धरून नसते. निदान एका स्टेशनात दुसऱ्या स्टेशनच्या गाड्यांचा बोर्ड तर लावा! २०१८ मध्ये चंद्रपूर आणि बल्लारशा स्टेशनांना सुशोभीकरणाच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. भिंतीवरचे वाघ खरंच सुंदर आहेत, अभिमान आहे. पण प्रवासी भिंतीवर आधी टाइमटेबल शोधतो, वाघ नंतर.

आता चौथी मागणी, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्यावर मित्रांशी भांडण होते. वाघ.

१५ नोव्हेंबर २०१८. चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात, याच मार्गावर, वाघाचे तीन बछडे पॅसेंजर गाडीखाली गेले. तीन. मालगाडी नव्हती, आपली पॅसेंजरच होती. ती बातमी मी विसरलो नाही. ताडोब्यातून घोडाझरी, ब्रह्मपुरी, उमरेड-कऱ्हांडल्याकडं वाघांची जी ये-जा चालते, ती याच रुळांना आडवी जाते. केळझरकडच्या एका म्हाताऱ्या गँगमननं मला सांगितलं, "वाघाले रूळ म्हणजे रस्ताच वाटते जी. झुडपं नाय, काटे नाय, सरळ चालत जाते." एका रुळाचे दोन झाले की ओलांडायचं अंतर दुप्पट आणि गाड्याही जास्त.

मग रेल्वेच नको म्हणायचं का? काही पर्यावरणवाले मित्र तसं म्हणतात. मला पटत नाही. कारण रेल्वे नसेल तर रस्ता असतो, आणि रस्ते रुंदच होत चालले आहेत. त्यावर रात्रभर ट्रक आणि ताडोब्याला जाणाऱ्या गाड्या धावतात. मरण तिथंही आहे, जनावराचं आणि माणसाचंही. उलट काही मित्र म्हणतात, "वाघापायी विकास थांबवता का?" तेही पटत नाही. जंगलाच्या पट्ट्यात भुयारी मार्ग, उंच पूल, कुंपण, आणि रात्री गाडीचा वेग कमी, हे सगळं करता येते. अट एकच. हे सगळं नकाशात आधी काढा, रूळ नंतर टाका. रूळ पडल्यावर वाघासाठी पूल कोणी बांधत नाही. आणि माणसांची गाडी दिवसाची, थांबत जाणारी असते. तिचा जंगलाला त्रास रात्री सुसाट जाणाऱ्या मालगाड्यांपेक्षा कमी. वाघ आणि पॅसेंजर हे दोघं एकमेकांचे दुश्मन नाहीत, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर सांगा, फक्त शिव्या देऊ नका.

राहिला तोट्याचा प्रश्न. कोरोनात पॅसेंजर बंद झाल्या, सुरू झाल्या तेव्हा दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं होतं. २०२४ मध्ये ते परत दहावर आलं. त्या मधल्या काळात मजूर बाया डब्यातून कमी झाल्या, मी डोळ्यांनी पाहिलं. धानाचा हंगाम संपला की आपल्याकडची हजारो माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. पिकअपमध्ये उभ्याने, शेळ्या भरतात तशी. दरवर्षी एखादी अपघाताची बातमी येते, आपण "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहितो आणि पुढं सरकतो. त्यांना वेळेवरची गाडी असती तर? तो नफा कोणत्या वहीत लिहायचा?

आणि पर्यटन. ताडोब्याला देशभरातून लोक येतात. नागपूरला विमानातून उतरतात, गाडी करतात, गेटवर जातात, रिसॉर्टमध्ये झोपतात, वाघ बघतात, परत जातात. वरोऱ्यातला चहावाला, मूलमधला खानावळवाला, वडशातला नाटकवाला त्यांना दिसतही नाही. रेल्वेने फिरणारा माणूस गावात उतरतो. चहा पितो, विचारतो, चालतो. माझ्या भाचीच्या फोटोत झाकोपानेच्या स्टेशनाबाहेर एक म्हातारी खारवलेलं चीज विकत बसली होती. आमच्याकडं तिच्या जागी मोहाचे लाडू घेऊन बचत गटाची बाई बसू शकते. गाडी तर थांबू द्या.

आमचा गुरुवार-शुक्रवारचा प्रवास कसा संपला ते सांगायचं राहिलं. वडशाला उतरलो. एका नाटक मंडळाच्या ऑफिसात गेलो, त्यांनी चहा पाजला, दिवाळीनंतर या म्हणाले. परतीची गाडी आणि आमची वेळ काही जुळली नाही, म्हणून मुक्काम केला आणि सकाळी निघालो. वैनगंगेच्या पुलावर ऊन यायला लागलं होतं. सौभाग्यवतीने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "टॅक्सी केली नाही."

भाचीचं उत्तर आलं, "मामी, हे कुठलं आहे? मला न्या ना."

आता तुमच्याकडून एक काम हवं आहे. खाली कमेंटमध्ये फक्त तीन गोष्टी लिहा. तुमचं स्टेशन कोणतं. तुम्हाला किती वाजता कुठं पोहोचायचं असते. आणि आज तुम्ही कशाने जाता. राजकारण नको, कोणत्या पक्षाने काय केलं ते नको. वरोरा, भांदक, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, बल्लारशा, विरूर, सगळ्यांनी लिहा. ज्यांच्या गावाला स्टेशनच नाही, त्या आरमोरी, चामोर्शी, धानोरा, अहेरी, सिरोंच्याच्या मित्रांनी आधी लिहा. मी हे सगळं एका कागदावर उतरवून दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांकडे, आमदारांकडे आणि रेल्वेच्या दोन्ही नागपूर कार्यालयांत नेऊन देतो. पोच घेऊन त्याचा फोटो इथंच टाकतो.

दुसरा रूळ पडतोय. यावेळी उशीर नको.